इंजिनच्या कामात 85 हजार गेले, तरी गाडी तापते आणि ऑइल खाते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की सेलूत जुन्या डिझेल जीपचं पूर्ण इंजिन बांधून घेतलं, 85 हजार मोजले आणि अडीच हजार किलोमीटरच्या आतच काटा लालपर्यंत जातोय, ऑइलही उतरतंय. मिस्त्री म्हणतो, "सेट व्हायला वेळ लागतो." मी यातून गेलोय म्हणून सांगतो दादा, इंजिन लगेच परत उघडू देऊ नका. आधी रेडिएटर बघा.

मी अंबडहून बीडला निघालो होतो. मे महिना. शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला आणि काटा चढायला लागला. इंजिनचं काम होऊन दीड महिनाही झाला नव्हता. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि तासभर बाभळीखाली बसून राहिलो. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच काढू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.) पूर्ण गार झाल्यावर झाकण काढून आत बोट फिरवलं, तर पांढरी खरबरीत पूड लागली. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी आपण तेच ओततो आणि अंघोळीच्या बंबात चढतो तसा क्षाराचा थर आत चढत जातो. जालन्यात रेडिएटरवाल्यानं टाकी उघडली, तेव्हा जवळपास निम्म्या नळ्या बुजलेल्या निघाल्या. पहिल्यांदा इंजिन ज्या कारणानं गेलं, ते कारण तसंच ठेवून मी नवे पिस्टन आणि रिंगा टाकल्या होत्या. दुसऱ्यांदा तापली त्यात हेड गॅस्केटही (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं.

पितळी रेडिएटर असेल तर नळ्यांत सळ्या घालून साफ करतात. ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ नवा टाका. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅनचा पट्टा त्याच वेळी तपासून घ्या. पुढे फक्त कूलंट, नळाचंसुद्धा पाणी नको.

आता ऑइल. नव्या रिंगा बसेपर्यंत सुरुवातीचे हजार-दीड हजार किलोमीटर थोडं ऑइल जाणं चालतं, पण ते कमी कमी होत गेलं पाहिजे. तुमचं अडीच हजारला तसंच असेल तर मिस्त्रीचं म्हणणं पटत नाही. सकाळी थंड गाडी, सपाट जागा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल, आणि मीटरच्या आकड्यासकट फोटो. पाचशे किलोमीटरनंतर परत त्याच खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं ते लिहून ठेवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर आला तर संशय रिंगांवर, बराच वेळ उभी राहून निघताना एकदम निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सीलवर. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केट. मग दुसऱ्या गॅरेजात चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, मोजून आकडे कागदावर घ्या. तेवढ्याला इंजिन खोलावं लागत नाही.

हे सगळं हातात आलं की पहिल्या मिस्त्रीला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवरही चालेल. न कळवता दुसऱ्यानं इंजिन खोललं, तर पहिला "तिथंच बिघडवलं" म्हणून हात वर करणार. पक्कं बिल नसलं तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि त्याच्याशी झालेले मेसेज पुरावा म्हणून जपा. अजिबातच ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यापुढे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

माझ्यावर ती वेळ आली नाही. बुजलेल्या नळ्यांचे फोटो समोर ठेवले, तेव्हा मिस्त्री बराच वेळ गप्प बसला. "रेडिएटर बघायला पायजे होता," एवढंच म्हणाला. हेड त्यानं परत उतरवलं, फेसिंग करून (घासून सपाट करून) आणलं, मजुरी घेतली नाही. गॅस्केट आणि रेडिएटरचे पैसे मी दिले.