पदवीधरांची यादी दर वेळी कोरी का?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. २०२० साली पुणे पदवीधर मतदारसंघात मत दिलं होतं. आता पुन्हा अठरा नंबरचा अर्ज भरा म्हणतात. एकदा लागलेलं नाव गेलं कुठे? आणि विधानसभा असताना ही विधान परिषद हवीच कशाला?
— एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : तुमचं नाव कुणी कापलेलं नाही. विधानसभेची यादी वर्षानुवर्षं चालू राहते, तिच्यात फक्त भर पडते किंवा नावं वगळली जातात. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी मात्र प्रत्येक निवडणुकीला पहिल्या नावापासून नव्याने तयार होते. शिक्षकांच्या बाबतीत याचं कारण पटकन पटतं. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं, त्यामुळे सहा वर्षांपूर्वीची यादी निरुपयोगी होते. पदवीधराला अट एवढीच, की आधीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत आणि राहणं मतदारसंघात हवं. तरी नव्या यादीचा नियम त्यालाही तोच. पुणे मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाचही जिल्हे येतात.

मी महसूल खात्यात होतो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. या निवडणुकीच्या मतमोजणीला बसलो आहे. तिथे मशीन नसतं. मतपत्रिका उलगडायची, १ हा आकडा कुणापुढे आहे ते बघायचं आणि त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात टाकायची. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. तो कुणी गाठला नाही तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. असं फेरी-फेरीने पहाटेपर्यंत चालतं. माझ्या टेबलावर एक मतपत्रिका आली. सुरेख, वळणदार अक्षरात उमेदवारापुढे ‘एक’ असं लिहिलेलं. आकडा १ चालतो, मराठी असो वा इंग्रजी, शब्द चालत नाही. बाद. पुढच्या पत्रिकेवर बरोबरची खूण, तीही बाद. त्याच्या पुढच्या पत्रिकेवर आकडा बरोबर आणि खाली मतदाराची सही! बाद पत्रिकांचा तो ढीग बघून फार वाईट वाटलं. ही सगळी पदवी घेतलेली माणसं होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्या परिषदेत ७८ जागा आहेत. ३० आमदार विधानसभेचे सदस्य निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि १२ राज्यपालनियुक्त. या बारांसाठी घटनेने साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांच्या जोडीला सहकारी चळवळ असंही लिहिलं आहे. राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांच्या कलमात सहकार नाही. आपल्या साखरपट्ट्यातल्या माणसाने हे ध्यानात ठेवावं.

परिषदेचा हात मात्र आखूड आहे. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना थांबवू शकते. पुढे ते मंजूर झाल्याचंच धरलं जातं. धनविधेयकाला तर चौदाच दिवस. राज्यात संयुक्त बैठकीची सोयही नाही. तमिळनाडूने १९८६ मध्ये आपली परिषद बंद केली. आंध्रने १९८५ मध्ये बंद करून २००७ मध्ये पुन्हा सुरू केली. आज देशात सहाच राज्यांत ती आहे.

तरी ती राहावी असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात परिषदेचे सभापती होते, आपल्या सांगलीकडचेच. मागेल त्याला काम ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. दुष्काळात माझी आई त्याच योजनेच्या पाझर तलावावर माती वाहायची. संध्याकाळी डोक्यावरची चुंबळ उतरवली की केसांतली माती झाडत बसायची. त्या मजुरीवर आमची चूल पेटत होती. १९७७ मध्ये त्या योजनेचा कायदा झाला. रोजच्या मतांच्या घाईपासून जरा बाजूला बसलेल्या माणसाला असा विचार करायला सवड मिळते, हे मी त्या घरात वाढताना पाहिलं.

पण त्या आईला पदवीधर मतदारसंघात मत नव्हतं, आणि हे मला आजही सलतं. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते जेमतेम १८ टक्के, तेव्हा शिकलेल्यांसाठी वेगळी दारं ठेवली हे समजू शकतो. आता त्या ७ जागा शेतमजूर, असंघटित कामगार यांच्यासाठी खुल्या व्हायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी परिषदेची रचना सांगणारं घटनेचं कलम १७१ बघावं लागेल आणि ते संसदेच्या हातात आहे.

तोवर तुम्ही अर्ज भरा. नमुना १८ तहसील कचेरीत मिळतो. पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि राहण्याचा पुरावा जोडा. घरात दुसरं कुणी पदवीधर असेल तर त्यांचाही अर्ज वेगळा भरा. मतदानाला गेल्यावर खिशातलं पेन काढू नका, केंद्रावर जांभळं स्केच पेन देतात तेच वापरा. फक्त आकडा लिहा. १ लिहिणं सक्तीचं आहे, २ आणि ३ तुमच्या मर्जीवर. सही कुठेही करू नका.