मापात बोला : कोट इथे शिवावा की तिथे घ्यावा?

प्रश्न : मुलगा ऑक्टोबरात नोकरीसाठी हँबुर्गला चाललाय. आमचा शिंपी जुना, खात्रीचा. त्याच्याकडून लोकरी ओव्हरकोट शिवून घ्यावा, जन्मभर टिकेल, असं माझं म्हणणं. मुलगा म्हणतो, ऑनलाइन काळं फुगीर जॅकेट दोन हजारांत येतं. जेवताना रोज हाच विषय. तुम्ही निकाल द्या.
— एक वडील, कोथरूड

उत्तर : निकाल दोघांच्याही विरोधात जातोय. कोट इथे शिवू नका आणि ते जॅकेटही मागवू नका. कोट हँबुर्गातच घ्यायचा.

तुमच्या शिंप्यावर माझा अविश्वास नाही, अडचण कापडाची आहे. माझी उमेद फोर्टातल्या एका दुकानात कोट बेतण्यात गेली, म्हणून सांगतो. ओव्हरकोटाचं कापड मीटरला निदान ५०० ग्रॅम भरलं पाहिजे, ६००-७०० असेल तर उत्तम. आपल्या बाजारात सहज मिळतं ते सुटाचं, २५०-३०० ग्रॅमचं. त्याचा गुडघ्यापर्यंत कोट शिवलात तर तो लांब केलेला सुटाचाच कोट होईल, वारा आरपार जाईल. शिवाय जाड लोकर शिवणं हे निम्मं इस्त्रीचं काम. खांदा आणि कॉलर वाफेने ओढून, दाबून बसवावे लागतात. सुती शर्ट आणि लग्नाचे सूट शिवणाऱ्या हाताला ती सवय राहत नाही. दोष त्याचा नाही, पुण्यात असे कोट मागतंय कोण?

आता चिरंजीवांसाठी. हँबुर्ग म्हणजे लेह नव्हे. तिथे जानेवारीत पारा शून्याच्या थोडा वर-खाली घुटमळतो. खरा त्रास ओलीचा आणि वाऱ्याचा. उत्तर समुद्र जवळ, मधून एल्ब नदी, पाऊस बारीक आणि आडवा. स्वस्त जॅकेटात बहुधा पॉलिस्टरचा कापूस असतो, तो दोनेक हिवाळ्यांत चेपतो. महागड्यात पिसं असतात, ती कोरड्या थंडीत झकास, पण वरचं कापड पाणी अडवणारं नसेल तर भिजून त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. घरापासून स्टेशनापर्यंतच्या रिमझिमीला ती पुरते. धो-धो पावसासाठी टोपीवाला रेनकोट वेगळा घ्यायचा, कोटावरून चढेल असा ढगळ. पिवळा रेनकोट तर त्या किनाऱ्याची ओळखच आहे.

पोचल्या पोचल्या धावाधाव नको. ऑक्टोबरात स्वेटर आणि रेनकोटावर भागतं. नोव्हेंबरात त्याने जुन्या कपड्यांची दुकानं धुंडाळावीत. (आपल्याकडे नाकं मुरडतात, तिथे कुणी मुरडत नाही.) तिथे 'लोडेन'चा कोट मिळाला तर सोडू नये. आल्प्सच्या डोंगराळ भागातली ही लोकर, विणल्यावर पाण्यात इतकी मळतात की वीण दाट होऊन पाण्याचे थेंब वरून घरंगळतात. नवाच हवा असेल तर जानेवारीअखेरचा सेल बघावा. २००४ पर्यंत या सेलचा काळ कायद्यानेच ठरलेला असे. कायदा गेला, तरी दुकानदारांनी सवय सोडलेली नाही.

बघायचं काय? आधी आतली पट्टी. लोकर ८० टक्क्यांच्या वर हवी. उरलेलं नायलॉन असेल तर चालेल, त्याने मजबुती येते. निम्मं पॉलिस्टर असेल तर लवकरच बगलेत आणि खिशाशी धाग्यांच्या बारीक गोळ्या धरेल. मग खांदा. कोट जाड स्वेटरवरूनच घालून बघायचा. बाही आखूड करता येते, अस्तर बदलता येतं, पण खांदा मोठा-लहान करणं म्हणजे कोट नव्याने शिवणं. तिसरी गोष्ट छातीवरची. दोन काजांच्या मध्ये कापड चिमटीत धरून वरचा आणि आतला थर वेगळे करून बघा. मधे तिसरा थर सुटा लागला तर आत कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारं ताठ कापड, टाचलेलं आहे. सगळं एकजीव लागलं तर बकरम चिकटवलेलं आहे, ते ड्रायक्लीनिंगने कधीतरी फुगे धरणार. रंग गडद निळा किंवा राखाडी घ्यावा. काळ्यावर केस न् धागे लगेच उठून दिसतात.

आणि हो, पाठीमागच्या चिरेवर फुलीचा टाका असतो, बाहीवर कंपनीची पट्टी. दोन्ही घरी आल्यावर उसवून टाकायचे. तसेच मिरवत फिरणारे बरेच पाहिलेत.

तुमच्या शिंप्याला रिकामं ठेवू नका. त्याच्याकडून लोकरी फ्लॅनेलच्या दोन पँटी शिवून घ्या, कमरेत आणि खाली भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा, आणि उरलेला तुकडा मुलाच्या बॅगेत टाका. जमल्यास एक बंदगळाही. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीला तो कोटाच्या आत शोभेल.

प्रश्न : वडिलांचा ट्वीडचा कोट कपाटातून काढला तर कसरीने भोकं पाडलेली. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या तरी! टाकून द्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टाकू नका. कसरीचा पतंग स्वतः लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामाचे, अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. म्हणजे गोळ्यांआधी स्वच्छता. कोट उन्हात टांगा, शिवणी आणि कॉलरखाली ब्रशने झाडा, ड्रायक्लीन करून घट्ट बंद पिशवीत ठेवा. पावसाळ्यात मधूनच काढून पंख्याखाली वारा द्या, नाहीतर बुरशी. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या नकोतच, काही बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होतो.

भोकांसाठी रफूगार गाठा. धागा बाहेरून आणू देऊ नका, कोटाच्याच आतल्या मायेतून काढायला सांगा, म्हणजे रंग जुळतो. ट्वीडच्या ठिपकेदार विणीत रफू लपतो, हे तुमचं नशीब.

प्रश्न : पुण्यातच राहणाऱ्याला ओव्हरकोट हवा का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नको. बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, वर बंडी. पहाटे गाडीवर जायचं असेल तर वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि कानटोपी. उरलेले पैसे बुटांवर घाला, तळवा शिवलेला बघून.