राज्यसंस्थेला दोन बाजूंनी नकार

व्यक्तिवादी आणि समूहवादी या दोन्ही पंथांचे अराज्यवादी राज्यसंस्था नाकारतातच, मग त्यांच्यात वेगळे ते काय उरते, असे आपण विचारले आहे. नकार दोघांचाही सारखाच ठाम आहे. राज्यसंस्था नेमके कोणाचे काय हिरावून घेते, असे विचारताच मात्र वाटा वेगळ्या होतात.

व्यक्तिवाद्यांच्या दृष्टीने राज्यसंस्था म्हणजे एखाद्या भूप्रदेशावर एकहाती हुकमत सांगणारी आणि ज्याने संमती दिलेली नाही त्याच्याकडूनही कर वसूल करणारी शक्ती. अमेरिकेतील बेंजामिन टकर यांनी पैसा, जमीन, आयातकर आणि पेटंट-कॉपीराइट अशा चार मक्तेदाऱ्यांवर बोट ठेवले आणि व्याज, खंड व नफा यांचे मूळ त्यांतच आहे, असे प्रतिपादन केले. त्याच पंथाचे अमेरिकन लायसँडर स्पूनर यांनी तर १८४४ मध्ये न्यूयॉर्क, बोस्टन आदी शहरांमध्ये सरकारी टपालापेक्षा स्वस्त अशी खाजगी टपालसेवाच सुरू केली. सरकारने त्यांच्या माणसांना अटक केली, खटले भरले आणि अखेर ती सेवा बंद पाडली. पण या स्पर्धेच्या दडपणाखाली १८४५ मध्ये अमेरिकी काँग्रेसला (तिथल्या संसदेला) टपालाचे दर उतरवावे लागले. व्यक्तिवाद्यांचा सगळा युक्तिवाद या एका प्रकरणात दिसतो, म्हणून मला ते पानभर व्याख्यांपेक्षा मोलाचे वाटते.

समूहवादी रशियन विचारवंत बाकूनिन यांचे निदान निराळे. राज्यसंस्था ही मालमत्ताधारी वर्गाची राखणदार आहे, आणि ती कामगारांच्या नावाने ताब्यात घेतली तरी सत्तेवर बसलेले कामगार हे कामगार न राहता नवे राज्यकर्ते होतात, असे ते म्हणत. मार्क्स यांच्याशी त्यांचे बिनसले ते मुख्यतः याच मुद्द्यावर, आणि १८७२ च्या हेग अधिवेशनात त्यांना पहिल्या इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढून टाकण्यात आले. जमीन व उत्पादनाची साधने श्रमिकांच्या संघांकडे असावीत आणि त्या संघांनी खालून वर असे महासंघ स्वेच्छेने उभारावेत, ही त्यांची मांडणी.

खरी ठिणगी पडते ती मालमत्तेवरून. खाजगी भांडवल शिल्लक ठेवले तर ते स्वतःच्या रक्षणासाठी राज्यसंस्था पुन्हा उभी करील, असे समूहवादी म्हणतात. संघाबाहेर राहू इच्छिणाऱ्यावर संघाने सक्ती केली तर तीही राज्यसंस्थाच, असे व्यक्तिवाद्यांचे उत्तर असते. तरीही टकर यांना भांडवलशाहीच्या समर्थकांत बसवू नये: जमिनीवरचा हक्क ती प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, दूर बसून खंड खाणाऱ्याचा नव्हे, असे ते मानत. पुढे विसाव्या शतकात बड्या ट्रस्टांकडे (मक्तेदार उद्योगसमूहांकडे) साठलेली संपत्ती पाहून, मक्तेदाऱ्या हटवून मुक्त स्पर्धा आणणे एवढेच आता पुरे पडणार नाही, असे त्यांनी स्वतःच आपल्या जुन्या निबंधाच्या पुरवणीत लिहिले. समूहवाद्यांच्या आक्षेपाचे वजन मला तिथे सर्वाधिक जाणवते.