मार्चमध्ये मनाली? दोन दिवस मोकळे ठेवच

अरे नक्की जा, फक्त पुण्यात उकडायला लागलं म्हणून तिथली थंडी संपली असं धरू नकोस, मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी प्रणाली) आला की मनालीच्या पुढे असलेल्या अटल टनेल या बोगद्याच्या तोंडाशी, साधारण 3,000 मीटरवर, एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडू शकतो. परतीचं फ्लाइट घट्ट बांधून ठेवणं ही पहिली चूक, मग रस्ता बंद असला तरी लोक ड्रायव्हरच्या मागे लागतात. ऊन पडलं तरी लगेच निघू नकोस, बर्फ थांबल्यावर पहिले 24 ते 48 तास हिमस्खलनाचा धोका जास्त. आणि गाडीत अडकलास तर सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ उकरून मगच इंजिन चालू कर, काच बोटभर उघडी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, वास नाही काही नाही, झोपेतच माणूस जातो. ताम्हिणी घाटात गाडी चालवायचा सराव तिथे कामाचा नाही, लोकल ड्रायव्हर घे. बर्फासाठी टायरला लावायच्या चेन वगैरेचं नंतर सांगतो.