मंडळीत सगळ्यांचा लाडका, घरात मात्र "नाही"

चर्चच्या तरुण संघात रमलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते: बाहेर सगळ्यांच्या मदतीला धावतो, घरात मात्र इकडची काडी तिकडे करत नाही. तक्रारीत राग असतो, पण त्याहून जास्त दुखावलेपण असतं. आपल्या मुलाचं कौतुक दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचं आणि आपल्या वाट्याला त्यातलं काहीच यायचं नाही, हे सोसणं सोपं नाही. भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई नर्स, शिफ्ट ड्युटी. वडील अंधेरीला नोकरीला, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. मुलगा अकरावीत. घरात आजी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार आणि मधुमेहामुळे इन्सुलिनवर. मुलगा मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, तरुण संघात. नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळींच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवरची खटपट करून देतो, उपासनेनंतर म्हाताऱ्यांचा हात धरून जिना उतरवतो. आणि दर शनिवारी पहाटे संघातल्या मुलांबरोबर भायखळ्याहून स्लो लोकल पकडून परळला जातो. तिथल्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना चहा-बिस्किटं देतात.

"मॅडम, शनिवारी त्याला उठवावं लागत नाही," आई म्हणाली. "आणि घरी आजीचा तांब्या भर म्हटलं की 'नाही.' रविवारी लोक सलाम करायला येतात आणि म्हणतात, काय गुणी मुलगा आहे हो तुमचा. मला तिथे उभं राहवत नाही. हे ढोंग नाही का? दिव्याखाली अंधार."

मुलगा शेजारीच बसला होता. आईने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचा दाखला दिला. आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे खडसावलं आहे. दाखला चुकीचा नव्हता. पण शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल-वर्गात, वाढलेला मुलगा, त्याच्याकडेही उत्तर होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मत्तय एकवीस." बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटल्यावर एक मुलगा "नाही" म्हणाला पण नंतर गेला, दुसरा "हो" म्हणाला आणि गेलाच नाही, तो दाखला. मी आईला विचारलं, "तांब्या शेवटी भरतो का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "भरतो. अर्ध्या तासाने. तोंड पाडून."

मला ही माहिती फार महत्त्वाची वाटली. सोळाव्या वर्षी "नाही" हा पुष्कळदा कामाला दिलेला नकार नसतो. काम सांगण्याच्या पद्धतीला असतो. आईला मी एकच विनंती केली: काही दिवस वचनं एकमेकांवर फेकायची नाहीत, दोघांनीही. देवाचं वचन घरातल्या भांडणात काठीसारखं वापरलं की मूल काठीपासून पळतं आणि वचनापासूनही.

नंतर मुलाशी एकट्याशी बोलले. चर्चबद्दल, श्रद्धेबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "शनिवारी तिथे नेमकं काय करतोस ते सांग." फोन खिशात गेला. म्हणाला, सुरुवातीला ते सगळ्यांना चहाच द्यायचे. मग त्याच्या लक्षात आलं की काही जण कप हातात घेतात आणि तसाच बाजूला ठेवून देतात. केमोमुळे तोंड आलेलं असतं, गरम लागलं की आग होते, काहींना चहाच्या वासानेच मळमळतं. शिवाय नातेवाइकांना चहापेक्षा गरम पाणी हवं असतं, दुधाची पावडर कालवायला, बाटली धुवायला. तेव्हापासून हा दोन थर्मास नेतो, एक चहाचा आणि एक पाण्याचा. आणि आधी विचारतो, "चाय या गरम पानी?" तोंड आलेल्या माणसासाठी पाणी दुसऱ्या कपात ओतून निववतो, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतो आणि मग देतो.

असं बघायला कुणी शिकवत नाही. ढोंग करणारा मुलगा चहा वाटून फोटो काढून घरी येतो, कोणी कप बाजूला ठेवला याकडे त्याचं लक्ष जात नाही.

"मग घरी?" मी विचारलं. तो म्हणाला, "तिथे मला काम सांगतात. घरी कामाबरोबर बाकीचं पण सगळं सांगतात." बाकीचं म्हणजे काय, ते आईबरोबरच्या पुढच्या बैठकीत कळलं. तांब्या भर, आणि त्या खोलीची काय दशा केलीयेस बघ, दहावीला तेवढे टक्के पडले त्यावरून तरी शहाणा हो, मोबाइल ठेव आधी. तांब्या हा एका मोठ्या आरोपपत्राचा पहिला शब्द असायचा. फुटपाथवरच्या माणसाला याचे दहावीचे मार्क माहीत नसतात. तिथे तो उपयोगी पडणारा मुलगा असतो, घरी अजून सुधारायचा राहिलेला मुलगा. दोन्हीपैकी कुठे जावंसं वाटेल, हे कुणालाही कळेल.

संशोधकांनाही अनोळखी माणसांना, मित्रांना आणि घरच्यांना केलेली मदत वेगवेगळी मोजावी लागते. लॉरा पॅडिला-वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेल्या दीर्घ अभ्यासात किशोरवयात मित्रांशी आणि अनोळखी लोकांशी वागण्यातला चांगुलपणा साधारण वाढत गेलेला दिसला, घरच्यांच्या बाबतीत तो बराच काळ आहे तिथेच राहिला आणि वाढला तो मोठेपणाच्या उंबरठ्यावर. दुसरा अभ्यास इव्हा टेल्झर आणि अँड्र्यू फुलिग्नी यांचा, २००९ चा, लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुलांच्या रोजच्या नोंदींवरचा. घरात मदत केलेल्या दिवशी मुलं जास्त त्रासलेली नव्हती, उलट जास्त आनंदी होती, आणि या आनंदामागे "मी चांगला मुलगा म्हणून, चांगला भाऊ म्हणून माझी जबाबदारी पार पाडली" ही भावना होती. मला यात कळीची गोष्ट भूमिकेची वाटते. घरात भूमिकाच नसेल, नुसत्या ऑर्डरी असतील, तर ती भावना येणार कुठून?

संयुक्त बैठकीत मी मुलाला थर्मासची गोष्ट आईला सांगायला लावली. ती ऐकत गेली आणि मध्येच, अगदी वॉर्डातल्या आवाजात, तिने विचारलं, "तोंड आलेल्यांना बिस्किट कसं देता? टोचत असेल." तो म्हणाला, "पाण्यात बुडवून. पण काही जण नाही म्हणतात." ती म्हणाली, "मऊ केळं घेऊन जा. कुस्करून देता येतं. पण खाण्याचं पथ्य आहे का ते नातेवाइकांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही." पुढची दहा-पंधरा मिनिटं मला काही बोलावंच लागलं नाही. एक नर्स आणि एक शिकाऊ मुलगा बोलत होते. बऱ्याच महिन्यांत ते दोघं असे बोलले नव्हते.

त्यातूनच पुढचं ठरलं. आजीची संध्याकाळ पूर्णपणे त्याच्याकडे द्यायची. आईने त्याला रक्तातली साखर मोजायचं ग्लुकोमीटर वापरायला शिकवलं. जेवणाआधी रीडिंग घ्यायचं, वहीत तारीख घालून लिहायचं, ७० च्या खाली आलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि आईला फोन करायचा. इन्सुलिन आई किंवा वडीलच देणार, त्याला हात लावायचा नाही. तांब्या, औषधांचा डबा, रात्रीचा दिवा हे त्याचं. आईकडून एकच कबुली घेतली: "झालं का?" असं विचारायचं नाही. वही उघडून बघायची. काही चुकलं तर तेवढ्यापुरतं बोलायचं, मार्क आणि खोली त्यात आणायची नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मॅचच्या दिवशी वही कोरी राहिली, त्यावरून घरात आवाज चढले. पण एका संध्याकाळी रीडिंग ६४ आलं तेव्हा त्याने साखरपाणी दिलं, वेळ लावून पुन्हा तपासलं, मग आईला वॉर्डात फोन केला. आईने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या "नाही"चा विषय तिने काढलाच नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण बरेच पालक हाच रस्ता धरतात. या आईचाही विचार पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगून त्याचं परळला जाणं बंद करण्याचा होता. मी स्पष्ट नको म्हटलं. मार्क पडले तरच संघ, घरी नीट वागलास तरच सेवा, असं केलं की सेवा बक्षीस बनते, आणि जिथे मूल चांगलं वागतंय तीच जागा आपण हिसकावून घेतो. त्यापेक्षा संघातल्या ताई-दादांनी मुलांना अधूनमधून विचारावं की या आठवड्यात घरात कुणाला काय हवं होतं, तुमच्या लक्षात आलं का. सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायला लावू नये, नुसतं विचारावं.

काळजी करावी अशा खुणा वेगळ्या. मूल घरी यायचं टाळण्यासाठीच बाहेर राहत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, कुणालाच नाही म्हणता येत नसेल, किंवा सेवेच्या नावाखाली एखादी मोठी व्यक्ती त्याला एकट्याला बोलावत असेल आणि घरी सांगू नकोस म्हणत असेल, तर थांबू नका. या शेवटच्या बाबतीत चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, "तो पहिला 'नाही' कधी जाईल?" मी म्हटलं, "ताई, लगेच नाही जाणार. अजून एक-दोन वर्षं धरून चला. तो 'नाही' म्हणाला की दुसऱ्यांदा सांगू नका, अर्धा तास जाऊ द्या." मुलाला काही हवं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पप्पांनी मला 'आले समाजसेवक' म्हणणं बंद करावं." वडील तोवर एकाही भेटीला आले नव्हते. पुढची वेळ मी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दिली, आणि फोन आईने नाही, मुलाने करून त्यांना घेऊन यायचं असं ठरलं.