घराणं, घराणेशाही आणि पासिगचा मेयर

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिलिपिन्समधल्या पासिग शहराच्या व्हिको सोत्तो या मेयरवर मराठीत लिहायचंय, त्याने 2019 मध्ये तिथली घराणेशाही मोडली म्हणतात, पण तो स्वतःच राजकीय घराण्यातला आहे, मग त्याला 'घराणेशाहीविरोधी' म्हणणं चुकीचं नाही का, आणि जुन्या वळणाच्या राजकारण्यांना हिणवायला वापरला जाणारा तिकडचा 'त्रापो' हा शब्द मराठीत कसा आणायचा.

माझ्या मते चुकीचं अजिबात नाही, पण त्यासाठी घराणं आणि घराणेशाही हे दोन शब्द आधी वेगळे करायला हवेत, जे आपण हल्ली करतच नाही. 'घराणं' हा मुळात चांगला शब्द. चांगल्या घराण्यातली मुलगी म्हणतो, किराणा घराणं म्हणतो. आणि गाण्यातल्या घराण्यात तर जन्माचीही अट नाही, भीमसेन जोशी गदगचे, सवाई गंधर्वांकडे शिकले आणि किराण्याचे झाले, केसरबाई केरकर गोव्याच्या, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली आणि जयपूर घराण्याच्या झाल्या. तालमीने आत जाता येतं.

खरी गोम 'शाही'त आहे. निजामशाही, आदिलशाही, मग त्याच धर्तीवर नोकरशाही, लोकशाही. सत्ता कुणाच्या हातात आहे ते हे शेपूट सांगतं. म्हणजे घराणेशाही म्हटलं की नुसतं आडनाव पुरत नाही, एखादी खुर्ची लागते आणि ती घरातच फिरत राहावी लागते. आमदाराचा मुलगा आमदारकीला उभा राहिला की लगेच घराणेशाही, असं सरसकट लिहिलं की शब्द बोथट होतो असं मला मनापासून वाटतं.

आता पासिग बघा. तिथे स्थानिक पदांवर सलग तीनच टर्म राहता येतं, एक टर्म तीन वर्षांची. युसेबियो कुटुंबातले व्हिसेंते 1992 ला मेयर झाले, 2001 पर्यंत राहिले, मग त्यांची बायको सोलेदाद, मग 2004 ला परत तेच, 2007 पासून मुलगा बॉबी, 2013 ला बॉबीची बायको मारिबेल, 2016 ला परत बॉबी. सासरे, सासूबाई, सासरे, मुलगा, सून, मुलगा, अशी सत्तावीस वर्षं. कायद्याने माणसाला मुदत घातली होती, घराला घातली नव्हती. घराणेशाही या शब्दाचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. (आपल्याकडे महिला आरक्षण आल्यावर 'सरपंचपती' हा शब्द जन्माला आला त्याची आठवण होतेच, तिथेही खुर्चीवर नाव बदलतं आणि घर तेच राहतं.)

व्हिको 2016 ला तिथे नगरसेवक झाला, शहराचा कारभार लोकांना बघता यावा म्हणून माहितीच्या अधिकारासारखा स्थानिक ठराव त्याने पुढे आणला आणि 2019 ला एकोणतिसाव्या वर्षी बॉबीला हरवलं, नंतर 2022 आणि 2025 लाही निवडून आला. वडील व्हिक सोत्तो प्रसिद्ध नट, काका तितो सोत्तो तेव्हा सिनेटचे अध्यक्ष, पणजोबाही सिनेटर. तेव्हा घराणं आहेच, ते लपवू नका, लेखात स्पष्ट लिहा. पण पासिगची गादी सोत्तोंची नव्हती, त्याने मोडली ती पासिगवरची युसेबियोंची शाही. म्हणून 'राजकीय घराण्यातला, पण पासिगची घराणेशाही मोडणारा' असं लिहिलंत तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

आणि ही व्याख्येची अडचण तिकडेही आहे बरं का, 1987 च्या त्यांच्या संविधानात राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण 'कायद्याने व्याख्या होईल त्याप्रमाणे' असं म्हणून ठेवलंय, आणि ती व्याख्या करायची ज्यांनी, त्या संसदेत घराण्यांचीच माणसं भरलेली, त्यामुळे तीस वर्षं उलटली तरी सगळ्या पदांना लागू होणारा कायदा झाला नाही. 2016 मध्ये गावपातळीच्या युवा परिषदांपुरता एक नियम आला, त्यात पदावरच्या माणसाचे दुसऱ्या पायरीपर्यंतचे रक्ताचे आणि लग्नाचे नातेवाईक उभे राहू शकत नाहीत. मराठीत आपण याला भावकी आणि सोयरे म्हणू. पण दुसरी पायरी म्हणजे भाऊ, नातू, सून, मेहुणा इथवरच, पुतण्या तिसऱ्या पायरीवर जातो आणि सुटतो! काका-पुतण्याचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही पळवाट वेगळी समजवायला लागणार नाही.

एक बारीक गोष्ट, 'महापौर' लिहू नका, मेयरच ठेवा. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि खरा कारभार आयुक्तांकडे असतो, तिकडचा मेयर थेट लोकांमधून निवडून येतो आणि कारभारही त्याच्याच हातात. थेट निवडून येणारा नगराध्यक्ष त्यातल्या त्यात जवळचा.

राहिला 'त्रापो'. इंग्रजीतल्या 'ट्रॅडिशनल पॉलिटिशियन'चा तो आखूड केलेला शब्द, पण तिकडच्या भाषेत त्रापो म्हणजे पुसायचं फडकंही, म्हणून तो इतका झोंबतो. 'प्रस्थापित' अर्थाने बरोबर आहे पण त्यात फडकं येत नाही. आपल्याकडे सतरंजी आहे, पण ती कार्यकर्त्याच्या वाट्याला, म्हणजे आयुष्यभर सतरंज्या उचलणारा एक आणि तिकीट साहेबांच्या मुलाला. त्यामुळे त्रापो तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे फडक्याचा अर्थ एका ओळीत सांगा.