अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकट्याने एका दिवसात किती संग्रहालयं होतील?

दोन. तिसऱ्याच्या मोहात पडलात तर संध्याकाळी पाय बोलायला लागतात, हे अनुभवाने सांगते.

राईक्सम्युझियम सकाळी ९ वाजता उघडतं. तेव्हाच दारात हजर राहा, सॅक क्लोकरूममध्ये टाका आणि तडक दुसऱ्या मजल्यावर जा. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ सालचं 'नाइट वॉच' हे चित्र तिथेच आहे. उशीर केलात तर चित्राआधी माणसांची डोकीच दिसतात. त्याच मजल्यावर व्हर्मिअर या दुसऱ्या डच चित्रकाराची दूध ओतणारी बाई आहे. जेमतेम दीड फुटाचं चित्र! जवळ जाऊन टोपलीतला पाव बघा. उजेडाचे नुसते बारीक ठिपके दिलेत, पण कवच कुरकुरीत वाटतं. मी तिथे २० मिनिटं रेंगाळले. सोबत कोणी असतं तर "चल ना आता" ऐकावं लागलं असतं.

दुपारी त्याच चौकातलं व्हॅन गॉग म्युझियम, चालत पाच-सात मिनिटं. याचं वेळ ठरवलेलं तिकीट ऑनलाइनच काढून ठेवा, दारात जाऊन मिळत नाही. 'बदामाचा मोहोर' हे चित्र चुकवू नका. भाऊ थिओला मुलगा झाला म्हणून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८९० मध्ये ते रंगवलं, आणि बाळाचं नावही व्हिन्सेंटच ठेवलं होतं.

बाकी, राईक्सम्युझियमच्या इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. तिथे फोटो काढत मध्येच उभ्या राहू नका, घंटी वाजवत अंगावर येतात.